राजूरची वाट आणि साठीनंतरचे पाय

अंगारकीच्या आदल्या रात्री जालन्याहून राजूरला जाणारा रस्ता झोपत नाही. दुकानं बंद होतात, घरची जेवणं उरकतात आणि माणसं निघतात. कुणी एकटं, कुणी गल्लीतल्या दहाबारा जणांच्या घोळक्यात, कुणी म्हातारी लेकीचा हात धरून. अंतर पंचवीसेक किलोमीटर. बेताने चालणाऱ्याला सहा-सात तास लागतात. वाटेत चहा-फराळाचे मंडप, आणि शेवटी भोकरदन तालुक्यातल्या टेकडीवरचं गणपतीचं मंदिर. साडेतीन गणेशपीठांपैकी राजूरला पूर्ण पीठ मानतात. संकष्टी मंगळवारी आली की तिची अंगारकी होते, आणि त्या दिवशी इथे पायी येण्याची ओढ जिल्ह्यातल्या घराघरांत आहे.

या गर्दीत साठी ओलांडलेली माणसंही असतात. धोतर-टोपीतले, नऊवारीतल्या, हातात काठी असलेले. रात्रभर चालून ती टेकडी चढतात, दर्शन घेतात आणि एसटीने घरी परततात. तिथपर्यंत सगळं छान असतं. पण मला बोलायचं आहे ते बुधवारच्या सकाळबद्दल. पिंढऱ्यांत गोळे आलेले असतात, एक गुडघा सुजलेला असतो, तळपायाला फोड असतात. अंथरुणातून उठताना भिंतीला हात लागतो. घरचे म्हणतात, ‘वय झालं आता, पुढच्या वेळी जाऊ नका.’ आणि म्हातारा माणूस मान डोलावतो. एक वाट तिथेच बंद होते.

इथे दोष वयाला दिला जातो. माझ्या मते दोष मागच्या चार-पाच महिन्यांचा आहे. अंगारकी वर्षातून साधारण दोनदा, कधी तीनदा येते. मधल्या काळात हेच पाय ओट्यापासून बाजेपर्यंत आणि बाजेपासून न्हाणीपर्यंत चाललेले असतात. महिनोन्महिने बसलेल्या पायांकडून आपण एका रात्रीत पंचवीस किलोमीटर मागतो, त्यांनी ते कसंबसं दिलं की मग त्यांनाच म्हातारं ठरवतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ६५ वर्षांपुढच्या माणसांसाठी सांगितलेला हिशेब आठवड्याचा आहे. आठवड्यात दीडशे ते तीनशे मिनिटं दम थोडा वाढेल असं चालणं किंवा तसंच काही, दोन दिवस तरी स्नायूंना जोर लागेल असा व्यायाम, आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव. दीडशे मिनिटं म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास. चालणं आपल्या लोकांना माहीत आहे. उरलेल्या दोन गोष्टी, बळ आणि तोल, यांच्याकडे मात्र कुणी बघत नाही, आणि म्हातारपण मोडतं ते नेमकं तिथे.

राबणं वेगळं, व्यायाम वेगळा

जालना जिल्ह्यात हा विषय काढला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं. ‘जन्मभर शेतात राबलो, आम्हाला कशाला व्यायाम?’ हे उत्तर उर्मट नाही. त्यामागे पन्नास वर्षांचा घाम आहे आणि त्याचा मान ठेवूनच पुढचं बोललं पाहिजे.

ज्या माणसाने कपाशीत वखर चालवला, मोसंबीच्या बागेत आळी केली, रात्री लाइट आल्यावर मोटर सुरू करायला गेला, त्याचं शरीर नक्कीच कमावलेलं होतं. पण राबणाऱ्या शरीराला कामाची वेळ आणि ढब ठरवता येत नाही. खुरपणी करणारी बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत कमरेत वाकलेली किंवा उकिडवी असते. वेचणीला ओटीत कापूस भरत जातो आणि वजन पुढे ओढत राहतं. हेच सांधे, हेच मणके, तोच कोन, रोज आठ तास, आणि मध्ये विसावा नाही. अलीकडे डेन्मार्कमधल्या संशोधकांनी या प्रश्नाचा बराच पाठपुरावा केला. फावल्या वेळात केलेल्या हालचालीने हृदयाला जो फायदा होतो, तो पोटासाठी केलेल्या अंगमेहनतीतून तसा मिळताना दिसत नाही, उलट काही वेळा तोटाच दिसतो, असं त्यांचं म्हणणं आहे. कारण समजायला अवघड नाही. व्यायाम थोडा वेळ चालतो, लयीत होतो, आणि नंतर शरीराला सावरायला वेळ मिळतो. मजुरीत तो वेळ मिळत नाही. बीजिंगमधल्या वृद्धांच्या पाहणीत, तरुणपणी रोज तासन्‌तास उकिडवं बसलेल्यांमध्ये गुडघ्यांची झीज जास्त आढळली होती. आपल्या बायाबापड्यांच्या गुडघ्यांचं कोडं त्यातून थोडं उलगडतं.

आणि मग साठी येते. शेत मुलाच्या हाती जातं, नाहीतर वाटण्या होतात. ज्याचे पाय पन्नास वर्षं बांधावर होते तो माणूस अचानक मारुतीच्या पारावर येऊन बसतो. सकाळचा चहा पारावर, दुपार बाजेवर, संध्याकाळ पुन्हा पारावर. शहरातल्या कारकुनाची निवृत्ती इतकी तीव्र नसते, कारण त्याचं शरीर आधीच बसलेलं असतं. शेतकऱ्याचं शरीर मात्र एका हंगामात पूर्ण चालतं ते पूर्ण थांबतं असं वळण घेतं. पहिल्या वर्षी वजन वाढतं किंवा एकदम उतरतं, दुसऱ्या वर्षी ‘पायातली ताकद गेली’ असं तो म्हणू लागतो. ताकद कुठे जात नाही. तिला रोजचं काम मिळेनासं होतं म्हणून ती आटते.

बाईचं उलटं. ती थांबतच नाही. सत्तरीतही झाडलोट, भांडी, नातवंडं, शेळीचा चारा. पण तिचं काम घराच्या चौकटीत आणि वाकूनच होतं. ताठ मानेने, हात हलवत, मोकळ्या हवेत सलग अर्धा तास चालणं तिच्या वाट्याला कधी येतं? गावात म्हातारी बाई ‘फिरायला’ निघाली तर लोक विचारतात, कुठे निघालीस? त्यामुळे तिला बाहेर पडायला निमित्त लागतं. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत चालणारा पहाटेचा काकडा, एकादशीचं दर्शन, हरिपाठ, नवरात्रात अंबडच्या मत्स्योदरी देवीची टेकडी, ही तिची फिरण्याची परवानगी आहे. ही निमित्तं वर्षभर टिकवता आली तर गावातल्या बायकांच्या आरोग्याचं मोठं काम होईल, असं मला मनापासून वाटतं. काकड्याला जाणाऱ्या दहा बायकांनी काकडा संपल्यावरही त्याच वेळी, त्याच वाटेने चालत राहावं. मग कुणी विचारत नाही.

मांडीचं बळ

तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायूंचा काही भाग कमी होत जातो. अंदाज साधारण तीन ते आठ टक्क्यांचा आहे, आणि साठीनंतर हा उतार आणखी तीव्र होतो. या झिजेला ‘सार्कोपेनिया’ हे नाव १९८९ मध्ये अमेरिकेतल्या आयर्विन रोझेनबर्ग यांनी दिलं. त्याआधी डॉक्टर मंडळीही याला नुसतं म्हातारपण म्हणत. सगळ्यात जास्त फटका बसतो तो मांड्यांना. मांडीचा पुढचा मोठा स्नायू गेला की माणूस खुर्चीतून उठताना हातांनी रेटा देतो, जिना उतरताना डगमगतो, एसटीच्या पायरीवर दोन माणसांनी धरावं लागतं. पुढची पायरी पडण्याची. जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात आणि त्यात साठीपुढच्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. आपल्याकडे ‘खुब्याचं हाड मोडलं’ हे ऐकल्यावर घरात जी शांतता पसरते, तिच्यामागे हेच असतं.

आता चांगली बातमी. १९९० मध्ये बोस्टनमधल्या वृद्धांच्या एका निवासी रुग्णालयात मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांनी एक धाडस केलं. तिथल्या दहा जणांना, ज्यांचं सरासरी वय नव्वद होतं, त्यांनी पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा. नऊ जणांनी तो पूर्ण केला. पायांचं बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढलं, मांडीच्या मधल्या भागातला स्नायू सुमारे ९ टक्क्यांनी भरला, आणि चालण्याच्या चाचणीतला वेग ४८ टक्क्यांनी सुधारला. नव्वदीत! स्नायू वय विचारत नाही, काम विचारतो. पण त्याच प्रयोगाचा शेवट फारसा सांगितला जात नाही. व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत त्यांचं बळ ३२ टक्क्यांनी उतरलं. अंगारकीपुरतं चालणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

बोस्टनला यंत्रं होती. आपल्याकडे बैठक आहे. तालमीत पोरं जोर-बैठका काढतात ती बैठक म्हणजे मांडीच्या याच स्नायूंचा व्यायाम. जालन्याला कुस्तीचं वेड जुनं; डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरीची स्पर्धा इथेच झाली आणि बाला रफिक शेखने गदा पटकावली. त्या मैदानाभोवती धोतर सावरून बसलेल्या कितीतरी म्हाताऱ्यांनी तरुणपणी बैठका मारलेल्या असतील. त्यांना बैठक शिकवायला नको, फक्त वयाप्रमाणे ती बदलून द्यायला हवी.

बदल असा. भिंतीला टेकवून ठेवलेली, न हलणारी खुर्ची घ्यायची. प्लास्टिकची हलकी नको, ती सरकते. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसायचं, पाय जमिनीवर घट्ट टेकवायचे, हात छातीशी आडवे घ्यायचे आणि हातांचा आधार न घेता उठून पूर्ण ताठ उभं राहायचं. मग सावकाश बसायचं. धपकन नव्हे, बसताना तीन आकडे मोजायचे, कारण सावकाश खाली येतानाही स्नायूला काम पडतं. आठ-दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा आठ-दहा वेळा, एक दिवसाआड. सुरुवातीला हातांचा आधार लागला तर घ्यावा, आणि आठवड्याआठवड्याला तो कमी करावा.

याच खुर्चीवर स्वतःची परीक्षाही घेता येते. तीस सेकंदांत हात न वापरता किती वेळा उठता येतं ते मोजा. ६५ ते ६९ वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी आणि बाईला ११ पेक्षा कमी वेळा जमलं तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात. घरातल्या नातवाला मोबाइल घेऊन वेळ लावायला सांगा. त्यालाही गंमत वाटते आणि आजोबांनाही ईर्ष्या येते.

जमिनीवर मांडी घालून जेवण्याची आपली सवय या कामी आपोआप येत होती. दिवसातून चार-सहा वेळा जमिनीवरून उठणं म्हणजे चार-सहा बैठका. आता डायनिंग टेबल, कमोड आणि उंच दिवाण आले. गुडघे खरंच झिजलेल्यांसाठी त्यांची गरज आहे, यात शंका नाही. पण ज्याला अजून जमिनीवरून उठता येतं त्याने ते केवळ घरात खुर्ची आली म्हणून सोडू नये. सोडलेलं परत मिळवायला फार कष्ट पडतात. भिंतीजवळ बसावं, आधार हाताशी ठेवावा, पण दिवसातून दोनदा तरी जमिनीवर बसून उठावं.

‘गुडघे झिजलेत, आता चालू नका’ हा सल्ला मात्र बहुतेकांच्या बाबतीत चुकीचा आहे. गुडघ्याच्या झिजेवर आजच्या सगळ्या वैद्यकीय मार्गदर्शनात व्यायाम हा पहिला उपचार मानला जातो, कारण मांडीचा स्नायू बळकट असेल तर सांध्यावरचा भार तो वाटून घेतो. गुडघा सुजला असेल, गरम लागत असेल, अडकत असेल तर डॉक्टरांना दाखवायचं. नुसता कुरकुरत असेल तर बैठक चालू ठेवायची.

काठीबद्दलही एक गैरसमज आहे. काठी घेणं म्हणजे हरणं नव्हे. काठीमुळे जो माणूस पाचशे पावलांऐवजी तीन हजार पावलं चालतो, त्याने काठीचा उपयोग करून घेतला. पण ती कोणत्या हातात धरायची? दुखऱ्या पायाच्या बाजूला नाही, तर उलट्या हातात. उजवा गुडघा दुखतो तर काठी डाव्या हातात. काठीची मूठ मनगटाच्या घडीइतक्या उंचीवर यावी. राज्य सरकारने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांपुढच्या पात्र ज्येष्ठांना काठी, वॉकर, गुडघ्याचा पट्टा, चष्मा अशा साधनांसाठी एकरकमी तीन हजार रुपये मिळतात. ते पैसे किराण्यात जाऊ न देता काठी आणि चांगल्या पायताणासाठी राखून ठेवावेत.

तोल सांभाळण्याचा सराव तर स्वयंपाकाच्या ओट्याशी उभं राहूनही होतो. ओट्याला बोटं टेकवायची, एक पाय चार बोटं वर उचलायचा, दहा आकडे मोजायचे, मग दुसरा. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १७०२ जणांच्या अभ्यासात, ज्यांना दहा सेकंद एका पायावर उभं राहता आलं नाही त्यांच्यात पुढच्या काही वर्षांतल्या मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त निघालं. एका पायावर उभं राहिल्याने आयुष्य वाढतं असा याचा अर्थ नाही. पण पाय, डोळे, कान आणि मेंदू एकमेकांशी अजून नीट बोलतात की नाही, हे त्या दहा सेकंदांत कळतं.

घनसावंगी तालुक्यातल्या जांबला १६०८ मध्ये जन्मलेल्या नारायणाची आठवण इथे येणारच. परंपरा सांगते की लग्नाच्या बोहल्यावरून निघालेला हा मुलगा नाशिकजवळ टाकळीला पोचला, तिथे बारा वर्षं रोज बाराशे सूर्यनमस्कार घालत राहिला, आणि पुढची बारा वर्षं पायी देश हिंडला. तेच समर्थ रामदास. त्यांनी गावोगाव मारुती बसवला आणि बळाची उपासना सांगितली. १६८२ मध्ये सज्जनगडावर त्यांनी देह ठेवला तेव्हा वय सत्तरीपलीकडे होतं, आणि गडावर राहायचं म्हणजे चढउतार आलाच. आज आपल्या गावातला म्हातारा ज्या पारावर बसून दिवस काढतो तो पार बहुधा मारुतीच्याच देवळाचा असतो. त्या पाराभोवती सकाळ-संध्याकाळ प्रदक्षिणा घालायला सुरुवात केली तरी पुष्कळ होईल. बाराशे सूर्यनमस्कारांची गरज नाही. खाली डोकं करून वाकणं रक्तदाब असलेल्यांना सोसत नाही. त्यांनी सूर्यनमस्कार डॉक्टरांना विचारूनच घालावेत.

चालावं किती, कधी आणि कसं

दहा हजार पावलांचा आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे. तो वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजण्याचं एक यंत्र विक्रीला आलं, त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. नाव लक्षात राहण्यासारखं होतं आणि आकडा जगभर पसरला. २०१९ मध्ये आय-मिन ली यांनी अमेरिकेतल्या १६,७४१ वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सरासरी वय ७२. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं. साडेसात हजारांपर्यंत फायदा वाढत गेला आणि तिथे तो स्थिरावला. ४,४०० पावलं म्हणजे साधारण तीन किलोमीटर. जालन्यात मोतीबागेत सकाळी काही फेऱ्या मारल्या आणि घरातली ये-जा धरली की तेवढं सहज भरतं. खेड्यात घरापासून शेतातल्या आखाड्यापर्यंत जाऊन येणं बहुतेकांना पुरेसं आहे. म्हणून शेत मुलाच्या नावावर केलं तरी आखाड्याची वाट सोडू नये. कामाला जाऊ नका, पण बघायला रोज जा.

चालण्याप्रमाणे जिना चढण्याचाही फायदा होतो, हे पहिल्यांदा दाखवलं ते लंडनच्या बसने. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दुमजली बसचे चालक आणि वाहक यांची तुलना केली. दोघांची सामाजिक परिस्थिती साधारण सारखीच. पण चालक दिवसभर बसलेला आणि वाहक दिवसभर जिना चढ-उतर करणारा. वाहकांमध्ये हृदयविकार कमी निघाला. मॉरिस स्वतः आयुष्यभर व्यायाम करत राहिले आणि २००९ मध्ये ९९ व्या वर्षी गेले.

आपल्याकडे वेळेचं गणित मात्र लंडनसारखं नाही. जालन्याचा मे महिना बेचाळीस अंशांच्या आसपास तापतो. वय वाढलं की तहान उशिरा लागते, घाम कमी येतो, आणि रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर शरीरातलं पाणी आणखी लवकर आटतं. उन्हाळ्यात सातच्या आत घरी परतावं, निघताना एक ग्लास पाणी आणि आल्यावर ताक घ्यावं. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात चप्पल रुतते आणि माणूस घसरतो. त्या दिवसांत डांबरी रस्ता किंवा देवळाचा सभामंडप बरा. थंडीत हृदयाचा त्रास असलेल्यांनी पहाटेचा हट्ट सोडून ऊन पडल्यावर निघावं. चालताना गप्पा मारता याव्यात पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग योग्य. छातीत जड वाटलं, डावा हात किंवा जबडा दुखला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. घरी जाऊन झोपायचं नाही.

रस्त्याची भीती खरी आहे. नव्वदीच्या उंबरठ्यावर मॅरेथॉन धावायला सुरुवात करून जगभर नाव कमावलेले फौजा सिंग, ज्यांच्या पासपोर्टवर जन्मसाल १९११ होतं, ते १४ जुलै २०२५ रोजी जालंधरजवळच्या आपल्या गावी वाहनाच्या धडकेने गेले. त्यांना म्हातारपणाने नेलं नाही, रस्त्याने नेलं. राजूरच्या वाटेवर रात्री चालताना समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या कडेने चाला, अंगावर पांढरं किंवा चमकणाऱ्या पट्टीचं काही घाला, हातात बॅटरी ठेवा. पायी जाणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी रस्त्याला सलग, सपाट कडा असावी, ही मागणी प्रत्येक ग्रामसभेत आणि नगरपालिकेत व्हायला हवी. बागेत जिम बसवण्याआधी ही कडा हवी.

अनवाणी

नवस बोललेला असतो म्हणून पुष्कळ जण अनवाणी निघतात. मधुमेह नसलेल्याचे पाय हे कसंबसं सोसतात. मधुमेह जुना असेल तर तळपायाची जाणीव मंदावलेली असते. खडा रुतला, डांबराने पोळलं, फोड फुटला तरी कळत नाही. तीन दिवसांनी मोज्याला डाग दिसतो, आठवड्याने वास येतो, आणि मग बोट कापायची वेळ येते. हे सांगताना मला कठोर व्हायचं नाही, पण देवाने पायताण काढायला सांगितलं आहे ते देवळाच्या दारात. रस्त्यावर नाही. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी सुती मोजे आणि बंद, मऊ बूट घालूनच चालावं, आणि रोज रात्री आरशात तळपाय बघावेत.

दुसरी गोष्ट उपासाची. संकष्टीचा उपास चंद्रोदयाला सुटतो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेऊन, रात्रभर पंचवीस किलोमीटर चालणं आणि वर दिवसभर नीट न खाणं म्हणजे साखर एकदम खाली येण्याला बोलावणं. हातपाय थरथरणं, दरदरून घाम, बोलणं बरळणं ही तिची लक्षणं. खिशात गुळाचा खडा किंवा साखरेची पुडी हवीच, आणि गोळीचं प्रमाण आधी डॉक्टरांना विचारून घ्यावं. फराळात नुसता साबुदाणा असेल तर साखर आधी चढते आणि मग घसरते. त्याऐवजी शेंगदाणे, दही, राजगिरा जास्त वेळ साथ देतात.

एरवीच्या खाण्यातही म्हाताऱ्या माणसाचं प्रथिन कमी पडतं. दात गेले की भाकरी दुधात कुस्करून जेवण उरकतं. साठीनंतर वजनाच्या दर किलोमागे साधारण एक ग्रॅम प्रथिन मिळावं, असं बहुतेक तज्ज्ञ सांगतात. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र विचारून ठरवावं. पन्नास किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. दोन वेळच्या ज्वारीच्या भाकरींतून पंधरा, दोन वाट्या घट्ट वरणातून चौदा, एक ग्लास दुधातून सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांतून सात, आणि एक अंडं किंवा वाटीभर दही यांतून सहाएक. हे सगळं जालन्यातल्या घरात आहे, विकत डबा आणायला नको. शेंगदाणे चावत नसतील तर कूट करून घ्यावा.

याच मराठी मुलखातल्या, मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लता भगवान करे यांनी साठीपलीकडच्या वयात, २०१३ मध्ये बारामतीच्या शर्यतीत नऊवारी नेसून, अनवाणी धावून ज्येष्ठांच्या गटात पहिला क्रमांक मिळवला. पतीच्या तपासणीसाठी त्यांना बक्षिसाचे पैसे हवे होते. त्यांच्यावर पुढे चित्रपटही निघाला. मला त्यांच्या पायांचं कौतुक आहे, पण त्यांना त्या कारणासाठी धावावं लागलं याचं दुःख त्याहून मोठं आहे. गरीब म्हाताऱ्या माणसाकडे बहुतेक वेळा पाय एवढीच पुंजी असते. ती राखणं हा छंद नव्हे.

ज्येष्ठ महिन्यात मुक्ताईनगरहून निघालेली मुक्ताईंची पालखी बुलढाण्यावरून जालन्याला येते, अंबडमार्गे पुढे पंढरीला जाते. महिनाभराहून जास्त चालणाऱ्या त्या दिंड्यांत साठी-सत्तरीच्या बाया डोक्यावर तुळस घेऊन चालतात. नीट पाहिलं तर कळतं, त्यांच्या चालीत घाई नाही. टाळ-मृदंगाचा ठेका आहे, ठरलेल्या अंतरावर विसावा आहे, दुपारचं जेवण आहे, थकलेल्याला धरणारा शेजारी आहे. राजूरची एक रात्र आणि पंढरीची वारी यांत मला हाच फरक दिसतो. वारी चालण्याला वेळ देते.

पुढच्या अंगारकीची तारीख पंचांगात पाहा आणि तिथून बारा आठवडे मागे या. पहिले दोन आठवडे रोज पंधरा मिनिटं चाला, सोबत खुर्चीच्या आठ बैठका. पुढे दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. सहाव्या आठवड्यापासून दर रविवारी एक लांब फेरी, आधी सहा किलोमीटर, मग आठ, मग दहा, शेवटी पंधरा. नवे बूट त्या रात्रीसाठी राखून ठेवू नका, महिनाभर आधी पायाला सवय करून घ्या. आणि पंचवीस किलोमीटर झेपणार नाहीत असं वाटलं तर अर्ध्या वाटेपर्यंत एसटीने जा. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून राज्यात तिचा प्रवास मोफतच आहे.

घरात वडील, आई, आजी, आजोबा असतील तर हे प्रकरण त्यांना वाचायला देऊन थांबू नका. उद्या पहाटे त्यांच्या आधी उठा, त्यांची चप्पल दारात ठेवा आणि पहिली पंधरा मिनिटं त्यांच्या वेगाने त्यांच्याबरोबर चाला.